राखीव क्वार्टरबॅक आणि विकणाऱ्याची वही

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक जुने वचन आहे की शहरातला सर्वांत लोकप्रिय माणूस हा तिथल्या संघाचा राखीव क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या मागचा दुसरा माणूस, असतो. मुख्य क्वार्टरबॅकच्या चुका दर आठवड्याला हजारो लोक मैदानात आणि लाखो लोक पडद्यावर पाहतात. राखीवाच्या हातून काहीच घडत नसल्यामुळे त्याच्या नावावर एकही चूक नोंदली जात नाही, आणि संघ हरू लागला की त्याची कोरी पाटीच लोकांना गुणवत्ता वाटू लागते. अशा राखीवाला दुसरा एखादा संघ मोठी रक्कम मोजून घेऊन जातो, त्याला मुख्य खेळाडू म्हणून उभे करतो आणि वर्षा-दोन वर्षांत हात पोळून बसतो, हा प्रकार एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये गेली तीस वर्षे नियमाने चालला आहे. या प्रकरणांत सर्वजण विकत घेणाऱ्याकडे आणि त्या बिचाऱ्या खेळाडूकडे पाहतात. माझे म्हणणे असे आहे की आधी विकणाऱ्याची वही उघडून पाहावी. ज्या संघाने त्या माणसाला सरावात रोज पाहिले, त्याने त्याला किती सहज सोडले आणि त्याच्या बदल्यात काय घेतले, एवढे पाहिले तरी बरेचसे भाकीत आधीच करता येते.

गोव्यातल्या फोंड्यात राहून हा खेळ पाहणारे आम्ही फार थोडे आहोत. इथे फुटबॉल म्हटले की फातोर्ड्याचे मैदान डोळ्यांपुढे येते, आणि हातात चेंडू धरून पळण्याच्या खेळाला फुटबॉल म्हणावे हेच पुष्कळांना पटत नाही. मला या खेळाची गोडी लागली ती ह्यूस्टनला स्थायिक झालेल्या मावसभावामुळे. वेळेचे गणितही आमच्या सोयीचे नाही: तिकडचा रविवार दुपारचा सामना आमच्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतो, आणि सोमवार रात्रीचा सामना मंगळवारी पहाटे, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजण्याच्या सुमारास. त्यामुळे जे पाहायचे ते निवडून पाहावे लागते, आणि मी बहुतेक वेळा नवा क्वार्टरबॅक उभा राहणारे सामने निवडतो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आक्रमक संघाची प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. समोरची बचावफळी कशी उभी आहे हे ओळखणे, गरज पडल्यास आयत्या वेळी चाल बदलणे, आणि शंभर-सव्वाशे किलोचे गडी अंगावर धावून येत असताना अडीच-तीन सेकंदांत चेंडू कोणाकडे फेकायचा हे ठरवणे, ही सारी त्याची कामे. संघातील इतर जागांवर खेळाडू आलटून पालटून येतात, परंतु क्वार्टरबॅक एकच असतो आणि तो जखमी झाल्याशिवाय किंवा फारच वाईट खेळल्याशिवाय सहसा बदलला जात नाही. साहजिकच दुसऱ्या क्रमांकाचा माणूस वर्षानुवर्षे हातात कागदांचा पुठ्ठा घेऊन कडेला उभा राहतो.

आमच्याकडे उत्सवी नाटकांत प्रॉम्प्टर म्हणून विंगेत उभा राहणारा एखादा तरुण असतो. त्याला सगळ्यांची भाषणे पाठ असतात, तालमीत कोणी गैरहजर असला तर त्याची जागा तो उत्तम भरून काढतो, आणि नायक एखाद्या वाक्याला अडखळला की मंडपात बसलेले लोक हमखास म्हणतात की यापेक्षा त्यालाच उभे करायला हवे होते. मग एखाद्या जत्रेला नायक आजारी पडतो, तो एका प्रयोगापुरता उभा राहतो आणि बाजी मारतो. पुढल्या वर्षी शेजारच्या गावचे मंडळ त्याला मानधन देऊन नायक म्हणून नेते, आणि तिथे पहिल्या अंकातच कळते की भाषण पाठ असणे आणि तीन तास मंडप धरून ठेवणे ही दोन निराळी कामे आहेत. त्याच्या स्वतःच्या मंडळाने त्याला अडवले का नाही, हा प्रश्न शेजारच्या गावाने आधी विचारायला हवा होता.

मॅट फ्लिनची कथा या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. २००८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक सोहळ्यात, सातव्या म्हणजे शेवटच्या फेरीत, २०९ व्या क्रमांकावर, ग्रीन बे पॅकर्सने त्याला घेतले आणि मुख्य क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सच्या मागे बसवले. २०१० च्या डिसेंबरात रॉजर्स खेळू शकला नाही तेव्हा न्यू इंग्लंडविरुद्ध फ्लिन उभा राहिला. संघ ३१-२७ असा हरला, पण त्याने तीन टचडाउन पास (समोरच्या टोकाला झेलले जाऊन गुण मिळवून देणारे) फेकले, आणि तिथून त्याचे नाव चर्चेत आले. खरा स्फोट झाला तो १ जानेवारी २०१२ रोजी. पॅकर्सचे पहिले स्थान पक्के झाले होते म्हणून रॉजर्सला विश्रांती दिली गेली, आणि डेट्रॉइट लायन्सविरुद्ध फ्लिनने पास फेकून ४८० यार्डांची मजल आणि ६ टचडाउन अशी कामगिरी केली. बार्ट स्टार, ब्रेट फाव्र आणि रॉजर्स ज्या संघाकडून खेळले, त्या संघाच्या इतिहासात एका सामन्यात तोवर कोणीही इतके यार्ड किंवा इतके टचडाउन मिळवले नव्हते. पॅकर्सने तो सामना ४५-४१ असा जिंकला आणि दोन महिन्यांत फ्लिन त्या वर्षीच्या बाजारातला सर्वांत चर्चित माल बनला.

आता त्याच सामन्यातला दुसरा आकडा पाहा, जो तेव्हाच्या मथळ्यांत फ्लिनच्या नावाखाली दबून गेला. समोरच्या बाजूने डेट्रॉइटचा मॅथ्यू स्टॅफर्ड खेळत होता आणि त्याने त्या दिवशी ५२० यार्ड आणि ५ टचडाउन मिळवले. म्हणजे पराभूत क्वार्टरबॅकचे यार्ड विजेत्यापेक्षा जास्त होते. दोन्ही बाजूंच्या बचावाने त्या दिवशी जणू सुट्टीच घेतली होती, आणि फ्लिनच्या सहा टचडाउनपैकी तीन एकट्या जॉर्डी नेल्सनने झेलले होते, जो त्या काळी लीगमधल्या उत्कृष्ट रिसीव्हरांपैकी, म्हणजे पास झेलणाऱ्यांपैकी, एक होता. स्टॅफर्डचे ५२० यार्ड पाहून कोणी थक्क झाले नाही, कारण स्टॅफर्ड काय आहे हे आधीच सर्वांना ठाऊक होते; फ्लिन काय आहे हे ठाऊक नव्हते म्हणून त्याचे ४८० यार्ड हा चमत्कार ठरला. राखीवाच्या बाबतीत हेच नेहमी घडते. ज्याच्याविषयी आपल्याकडे शंभर सामन्यांची माहिती आहे त्याचा एक सामना आपण शंभराने भागतो, आणि ज्याच्याविषयी दोनच सामन्यांची माहिती आहे त्याच्या एका सामन्याने भारावून जातो.

विकणाऱ्याच्या वहीत त्या वेळी काय लिहिले होते? पॅकर्सकडे रॉजर्स होता, त्यामुळे त्यांनी फ्लिनला जाऊ दिले यातून काही निष्कर्ष काढता येत नाही. परंतु पॅकर्सच्या आक्रमणाचा समन्वयक जो फिल्बिन त्याच जानेवारीत मायामी डॉल्फिन्सचा मुख्य प्रशिक्षक झाला होता, मायामीला क्वार्टरबॅकची निकड होती, आणि फिल्बिन फ्लिनला घेऊन जाणार असे सारेच गृहीत धरून बसले होते. तसे झाले नाही. फ्लिनला चार वर्षे जवळून पाहिलेल्या माणसाच्या संघाने त्याला घेतले नाही आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर रायन टॅनहिलला निवडले. फ्लिन सिएटलला गेला, तीन वर्षांच्या आणि सुमारे १ कोटी ९५ लाख डॉलरच्या करारावर. सिएटलचा व्यवस्थापक जॉन श्नायडर हा स्वतः पूर्वी ग्रीन बेमध्ये काम केलेला होता, हे माझ्या मताविरुद्ध जाते असे कोणी म्हणेल; पण श्नायडरने पुढच्याच महिन्यात तिसऱ्या फेरीत, ७५ व्या क्रमांकावर, रसेल विल्सनला घेतले, आणि प्रशिक्षक पीट कॅरलने सरावात दोघांना समोरासमोर उभे केले. ऑगस्टमध्ये विल्सन मुख्य ठरला. दीड वर्षाने, फेब्रुवारी २०१४ मध्ये, त्याच विल्सनच्या सिएटलने डेन्व्हरला ४३-८ असे हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. फ्लिन तोवर ओकलँडला जाऊन, तिथे एका सामन्यात सुरुवात करून, तो हरून मोकळाही झाला होता.

फ्लिनच्या आधी, माझ्या मते याच जातीचे त्याहून मोठे प्रकरण, रॉब जॉन्सनचे होते. १९९७ च्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात जॅक्सनव्हिल जॅग्वार्सचा मार्क ब्रुनेल जखमी असल्याने जॉन्सन उभा राहिला आणि बाल्टिमोरविरुद्ध त्याने २४ पैकी २० पास पूर्ण करून ३४४ यार्ड मिळवले. जॅक्सनव्हिलमध्ये त्याने सुरुवात केलेला सामना एवढाच. या एका सामन्याच्या बळावर १९९८ च्या आरंभी बफेलो बिल्सने जॅक्सनव्हिलला पहिल्या फेरीतील नवव्या क्रमांकाची निवड आणि वर चौथ्या फेरीतील एक निवड देऊन त्याला घेतले, आणि पाच वर्षांचा अडीच कोटी डॉलरचा करार केला. जॅक्सनव्हिलने त्या नवव्या क्रमांकावर फ्रेड टेलर हा चेंडू घेऊन पळणारा धावपटू निवडला, जो पुढे कारकिर्दीत ११ हजारांहून अधिक यार्ड धावला. विकणाऱ्याची वही इतकी स्वच्छ क्वचितच वाचायला मिळते.

बफेलोत जॉन्सनचे दुखणे दुहेरी होते. चेंडू वेळेवर न फेकता हातात धरून राहण्याच्या सवयीमुळे तो सतत पाडला जाई आणि वारंवार जखमी होई. शिवाय त्याच्या मागे डग फ्लूटी बसलेला होता, जो पस्तिशीचा, पाच फूट दहा इंच उंचीचा आणि कॅनडातली लीग गाजवून परतलेला. म्हणजे राखीवाच्या मागचा राखीव. लोकांची माया लगेच जॉन्सनवरून फ्लूटीवर गेली, आणि फ्लूटीने ती सार्थही केली. १९९९ च्या हंगामात त्याने सुरुवात केलेल्या १५ सामन्यांपैकी १० संघाने जिंकले. शेवटच्या सामन्याआधी बिल्सचे प्लेऑफमधील, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीतील, स्थान पक्के झाल्यामुळे जॉन्सनला खेळवले गेले, बिल्सने इंडियानापोलिसला ३१-६ असे हरवले, आणि फारसे काही पणाला नसलेल्या त्या विजयाची भुरळ पडून ८ जानेवारी २००० रोजी टेनेसीविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात फ्लूटीला बसवून जॉन्सनला उभे केले गेले. त्या सामन्याचा शेवट हा खेळ पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे: १६ सेकंद उरले असता बिल्सने आघाडी घेतली, आणि पुढच्याच किकऑफवर टेनेसीच्या केव्हिन डायसनने ७५ यार्ड पळून सामना २२-१६ असा फिरवला. तो पराभव जॉन्सनच्या माथी मारणे अन्याय्य होईल, कारण आघाडी मिळवून देणारी शेवटची चढाई त्यानेच नेली होती, तीही एकदा पायातला बूट निसटलेला असताना. पण संघाने त्यानंतरही फ्लूटीला सोडून जॉन्सनला ठेवले, आणि २००१ मध्ये १६ पैकी तीनच सामने जिंकले, याला मात्र दुसरे कोणी जबाबदार नाही. प्लेऑफमध्ये परत येण्यासाठी बिल्सला २०१७ चा हंगाम उजाडावा लागला.

ब्रॉक ऑस्वायलरचे प्रकरण मला सर्वांत जवळून पाहायला मिळाले, कारण त्यात माझ्या मावसभावाचा संघ गुंतलेला होता. २०१५ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसचा पेटन मॅनिंग दुखापतीने बाहेर गेला तेव्हा ऑस्वायलरने सात सामन्यांत सुरुवात केली आणि संघाने त्यांतले पाच जिंकले. त्यांपैकी गाजला तो बर्फात झालेला न्यू इंग्लंडविरुद्धचा सामना, ज्यात तोवर अपराजित असलेल्या टॉम ब्रेडीच्या संघाला ब्रॉन्कोसने जादा वेळेत ३०-२४ असे हरवले. तो निर्णायक टचडाउन सी. जे. अँडरसन नावाच्या धावपटूने ४८ यार्ड पळून केला होता, आणि ब्रॉन्कोसची बचावफळी त्या वर्षी लीगमधली सर्वोत्तम होती. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात प्रशिक्षक गॅरी कुबियाकने ऑस्वायलरला मध्येच बाहेर काढून दुखापतीतून सावरलेल्या, एकोणचाळीस वर्षांच्या आणि खांद्यात पूर्वीचे बळ न उरलेल्या मॅनिंगला आत पाठवले. मॅनिंगच पुढे प्लेऑफ खेळला आणि सुपर बोल जिंकला. वहीतली ही नोंद ठळक अक्षरांत होती: सर्व काही पणाला लागले तेव्हा या घराने थकलेल्या मॅनिंगवर ऑस्वायलरपेक्षा जास्त विश्वास टाकला. पुढे डेन्व्हरने त्याला ठेवून घेण्याचा प्रयत्न केला हे खरे, पण स्वतः ठरवलेल्या रकमेच्या पलीकडे ते गेले नाहीत.

ती रक्कम ओलांडली ह्यूस्टनने. मार्च २०१६ मध्ये टेक्सन्सने त्याला चार वर्षांसाठी ७ कोटी २० लाख डॉलर देऊ केले, त्यांतले ३ कोटी ७० लाख हमीचे. खेळाडूंचा बाजार खुला होण्याआधीच्या दोन दिवसांत संघांना तेव्हा फक्त दलालाशी बोलता येत असे, आणि त्यामुळे मुख्य प्रशिक्षक बिल ओब्रायन व त्याचा नवा क्वार्टरबॅक करार ठरण्याआधी समोरासमोर बसलेलेही नव्हते. आमच्याकडे मुलगी बघायला जातानासुद्धा याहून अधिक चौकशी होते. मावसभाऊ मात्र आनंदात होता. त्याने मला लिहिले होते की आता फक्त चेंडू फेकणारा हवा होता, बाकी सगळे घरात आहे. ते खरेही होते: डीआंद्रे हॉपकिन्स या रिसीव्हरने आदल्या वर्षी चार वेगवेगळ्या आणि सुमार क्वार्टरबॅकांकडून चेंडू घेऊन १५२१ यार्ड मिळवले होते. ऑस्वायलरसारखा महागडा माणूस आल्यावर २०१६ मध्ये हॉपकिन्सचा तो आकडा ९५४ वर घसरला.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात टेक्सन्स डेन्व्हरला गेले. आमच्याकडे तो मंगळवार होता आणि पहाटे सहाला सामना सुरू झाला. ज्या मैदानावर ऑस्वायलर घडला तिथेच त्याने ४१ वेळा चेंडू फेकून अवघे १३१ यार्ड मिळवले आणि संघ २७-९ असा हरला. या खेळात प्रत्येक फेकीमागे सात यार्ड म्हणजे साधारण बरे मानले जाते. इथे साडेतीनसुद्धा पडले नाहीत. ब्रॉन्कोसच्या बचावपटूंनी त्याला चार वर्षे सरावात पाहिले होते, त्याची नजर कुठे जाते आणि पाय कधी डगमगतात हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या पहाटे ते त्याच्या पुढच्या पासवर आधीच जाऊन उभे राहत होते. वर मी ज्या वहीविषयी बोलतो आहे, ती त्या दिवशी मैदानावर जाहीरपणे वाचून दाखवली गेली असे मला वाटले. हंगामाअखेर त्याच्या नावावर १५ टचडाउन आणि १६ इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास, होते. डिसेंबरात जॅक्सनव्हिलविरुद्ध त्याला बाहेर काढले गेले तेव्हा घरच्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मावसभाऊही त्या प्रेक्षकांत होता, आणि टाळ्या वाजवल्याचे त्याने मला विनासंकोच कळवले.

मार्च २०१७ मध्ये टेक्सन्सने जे केले त्याला व्यापारात तोड नाही. ऑस्वायलरच्या पगाराचा बोजा उतरवण्यासाठी त्यांनी त्यालाच क्लीव्हलँड ब्राउन्सकडे धाडले आणि सोबत २०१८ ची दुसऱ्या फेरीची निवड देऊ केली. म्हणजे माल दुसऱ्याने उचलून न्यावा म्हणून वर पैसे मोजले. ब्राउन्सने हंगामापूर्वीच ऑस्वायलरला सोडून दिले आणि त्या दुसऱ्या फेरीच्या निवडीवर, ३५ व्या क्रमांकावर, निक चब हा धावपटू घेतला. फ्रेड टेलरनंतर वीस वर्षांनी पुन्हा एकदा राखीव क्वार्टरबॅकच्या नादात कोणी तरी दुसऱ्याला उत्तम धावपटू मिळवून दिला होता.

बाकीची उदाहरणे झटपट उरकता येतील. मॅट कॅसलने २००८ मध्ये जखमी ब्रेडीच्या जागी खेळून न्यू इंग्लंडला ११ विजयांपर्यंत नेले. पुढे कॅन्सस सिटीने त्याला ३४ व्या क्रमांकाची निवड देऊन घेतले आणि सहा वर्षांचा ६ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला. २०१० हे एक वर्ष त्याने खरोखर छान काढले, पण एकच. न्यू इंग्लंडने ३४ व्या क्रमांकावर पॅट्रिक चंग घेतला, जो त्यांच्याबरोबर तीन सुपर बोल जिंकला. केव्हिन कोल्बची गोष्ट अर्धी खेळाची आणि अर्धी दुर्दैवाची: २०११ मध्ये ॲरिझोनाने त्याच्यासाठी एक बचावपटू आणि दुसऱ्या फेरीची निवड मोजली, पण डोक्याला वारंवार बसलेल्या माराने त्याची कारकीर्दच संपवली, आणि त्याच्यावर हसणे मला कधी योग्य वाटले नाही. माइक ग्लेननला २०१७ मध्ये शिकागोने तीन वर्षांसाठी साडेचार कोटींचा करार दिला, पुढच्याच महिन्यात दुसऱ्या क्रमांकावर मिचेल ट्रुबिस्कीला निवडले, आणि चार सामन्यांनंतर ग्लेननला बसवले. या शेवटच्या प्रकरणात संघाला नक्की काय हवे होते हे मला आजतागायत समजलेले नाही.

हे पुन्हा पुन्हा का घडते याची कारणे खेळाच्या रचनेतच आहेत. हंगाम सुरू झाला की आठवड्याच्या सरावातील मुख्य संघाबरोबरच्या जवळजवळ सर्व चाली मुख्य क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातात, आणि राखीवाचे काम असते ते पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकची नक्कल करणे. कागदावर काढून दिलेल्या परक्या चाली तो आपल्याच बचावफळीला सरावासाठी खेळून दाखवतो. हंगामापूर्वीच्या सामन्यांत तो चमकतो, परंतु तिथे समोर दुसऱ्या-तिसऱ्या फळीचे गडी असतात आणि कोणताही प्रशिक्षक आपले खरे डावपेच त्या सामन्यांत उघडे करत नाही. अचानक त्याला खेळावे लागले, तर त्या पहिल्या एक-दोन सामन्यांपुरती परिस्थिती त्याला अनुकूल असते: प्रशिक्षक त्याला जमतील तेवढ्याच सोप्या चाली निवडतो, सहकारी नेहमीपेक्षा जीव ओतून खेळतात, आणि प्रतिस्पर्ध्याकडे त्याच्या खेळाचे चित्रीकरण जवळजवळ नसते. तीन-चार सामन्यांचे चित्रीकरण हाती आले की बचावाचे प्रशिक्षक त्याला कोणता पास आवडतो, डाव्या बाजूला पाहायला तो किती वेळ लावतो, दडपण आले की कुठे पळतो, हे सारे शोधून काढतात. मुख्य क्वार्टरबॅक आणि राखीव यांच्यातला खरा फरक इथून पुढे दिसू लागतो, आणि बहुतेक राखीव इथपर्यंत पोचण्याआधीच त्यांचा मुख्य खेळाडू बरा होऊन परत येतो. अपुरी राहिलेली परीक्षा उत्तम गुणांनी पास झाल्याचे प्रमाणपत्र त्यांना मिळते ते असे.

मागणीचेही कारण आहे. संघ ३२, आणि भरवसा ठेवण्याजोगे क्वार्टरबॅक कोणत्याही वर्षी त्याच्या निम्मे असले तरी पुष्कळ झाले. ज्याच्याकडे नाही त्या संघाच्या व्यवस्थापकाला मालक, प्रेक्षक आणि वर्तमानपत्रे यांना काहीतरी दाखवावे लागते, आणि सिद्ध झालेला माणूस कोणी विकत नसल्यामुळे त्याच्या हाती असिद्ध माणूसच येतो.

याला अपवाद नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. ब्रेट फाव्रला १९९२ मध्ये ग्रीन बेने अटलांटाकडून पहिल्या फेरीची निवड देऊन घेतले तेव्हा त्याच्या नावावर अटलांटातला एकही पूर्ण झालेला पास नव्हता, चार फेकींत दोन इंटरसेप्शन मात्र होते. त्याला विकत घेणाऱ्या रॉन वुल्फने सामन्यातला चमत्कार पाहून नव्हे, तर ड्राफ्टच्या आधीपासून स्वतः केलेल्या पारखीवर पैसे लावले होते. मॅट हॅसलबेकला २००१ मध्ये सिएटलला नेले ते माइक होल्मग्रेनने, ज्याने पूर्वी ग्रीन बेमध्ये त्याला स्वतः शिकवले होते; तरीसुद्धा पहिल्या वर्षात हॅसलबेकला बसवण्याची वेळ आली, आणि होल्मग्रेनने धीर धरला म्हणून तो पुढे संघाला सुपर बोलपर्यंत नेऊ शकला. कर्ट वॉर्नर आणि टॉम ब्रेडी हे तर मुख्य खेळाडू जखमी झाल्याने उभे राहिले आणि आपल्याच घरी टिकले. त्यांच्याविषयी आधी कोणी काही बोलत नव्हते हेही लक्षात घ्यावे; १९९ व्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रेडीसाठी २००१ च्या उन्हाळ्यात कोणी पहिल्या फेरीची निवड देऊ केली नव्हती.

निक फोल्सचे काय करावे हे मला कळत नाही. फिलाडेल्फियाचा राखीव म्हणून त्याने फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रेडीच्या संघाला सुपर बोलमध्ये हरवले आणि तो सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. राखीवाकडून याहून मोठी कामगिरी मागता येत नाही. मग २०१९ मध्ये जॅक्सनव्हिलने, म्हणजे रॉब जॉन्सनला विकून पूर्वी शहाण्या ठरलेल्या त्याच संघाने, त्याला चार वर्षांसाठी ८ कोटी ८० लाख डॉलर देऊ केले. पहिल्याच सामन्यात त्याचे गळपट्टीचे हाड मोडले आणि वर्षभरात तो शिकागोला रवाना झाला. फिलाडेल्फियाने मात्र कार्सन वेंट्झसाठी त्याला जाऊ दिले होते, आणि वेंट्झही पुढे टिकला नाही. म्हणजे विकणाऱ्याची वहीसुद्धा प्रत्येक वेळी बरोबर असते असे नाही.

राखीव म्हणून उत्तम असणे हा स्वतंत्र गुण आहे, हे या सगळ्या गदारोळात कोणी बोलत नाही. चेस डॅनियल नावाच्या खेळाडूने सारी कारकीर्द मिळून पाचच सामन्यांत सुरुवात केली आणि सुमारे ४ कोटी डॉलर मिळवले. सरावात मुख्य खेळाडूला मदत करणे, प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करून देणे आणि वेळ आली तर एक-दोन सामने सांभाळणे या कामाचे ते मोल होते. मला त्यात काहीही कमीपणा दिसत नाही. फ्लिनमध्येही हा गुण होता, आणि त्याचा पुरावा २०१३ च्या हिवाळ्यात मिळाला. ओकलँड आणि बफेलो या दोन्ही संघांनी सोडल्यानंतर, रॉजर्सचे गळपट्टीचे हाड मोडले म्हणून पॅकर्सने फ्लिनला परत बोलावले. मिनेसोटाविरुद्ध तो मध्येच आत आला आणि मागे पडलेला सामना त्याने २६-२६ असा बरोबरीत सोडवला. चार दिवसांनी समोर डेट्रॉइट होते, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध त्याने सहा टचडाउन केले होते तेच. त्या दिवशी पॅकर्स ४०-१० असे हरले. त्यानंतर अटलांटाला एका गुणाने हरवले, आणि डॅलसविरुद्ध मध्यंतराला २६-३ असे मागे असताना ३७-३६ असा विजय मिळवला. पिट्सबर्गविरुद्ध पुन्हा हार. अशी ओढाताण करत हंगाम जिवंत राहिला, रॉजर्स शेवटच्या सामन्याला परतला, आणि पॅकर्स शिकागोला ३३-२८ असे हरवून प्लेऑफला गेले. पुढच्या वसंतात पॅकर्सने फ्लिनशी एक वर्षाचा नवा करार केला, राखीव म्हणून, आणि मुख्य क्वार्टरबॅकची किंमत देऊन त्याला मागायला या वेळी कोणीही आले नाही.